खनकाचे नाव

डहाणूच्या खाडीकाठी जो जुना कोट उभा आहे, त्याच्या पोटातून एक भुयार निघते, ते खाडीच्या तळाखालून पलीकडे जाते आणि कोठेतरी दूर, महालक्ष्मीच्या डोंगराकडे, पुन्हा उजेडात येते, अशी वार्ता मी प्रथम ऐकली तेव्हा माझे वय आठ-नऊ वर्षांचे असेल. आणि ती सांगणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाच्या स्वरात इतकी निश्चिती होती की, त्या भुयारातून जाऊन आलेला एकही मनुष्य आपल्या ओळखीत नाही, ही साधी गोष्ट ध्यानात यायला मला पुढे कित्येक वर्षे लागली. त्या काळी कोटात तालुक्याची कचेरी होती, तुरुंग होता, आणि उताऱ्यासाठी, दाखल्यासाठी, तगाईच्या तजविजीसाठी गावोगावचे लोक पहाटेपासून दरवाजाशी येऊन बसत. वडिलांचे बोट धरून मी तेथे गेलो असता, तटालगतच्या एका अंधाऱ्या कोनाड्याकडे वळलेली माझी पावले पाहून एका वृद्ध शिपायाने मला परत फिरविले. ‘तिकडे जायचे नाही,’ एवढेच तो म्हणाला. मनाईला कारण जोडले नाही, म्हणजे मुलाचे मन ते कारण स्वतःच पुरविते, आणि माझ्या मनाने पुरविलेले कारण अर्थातच भुयाराचे होते.

पुढे आयुष्यात अनेक किल्ले पाहिले आणि प्रत्येक किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात मला तेच भुयार भेटले. कोठे ते एका देवळात निघे, कोठे नदीच्या डोहात, कोठे दुसऱ्या किल्ल्यात. त्यातून घोडेस्वार जात, राणी पळून जाई, खजिना लपविला जाई. आणि सर्वत्र त्याचे तोंड ‘आमच्या आजोबांच्या वेळी’ बुजविलेले असे. तेव्हा या वर्षी, पाऊस पडण्यापूर्वी, मी असा संकल्प केला की आपल्या पालघर जिल्ह्यात जमिनीच्या पोटात मनुष्याने खरोखर जे काही खणले, कोरले, किंवा जेथे आश्रय घेतला, त्याचा यथाशक्ति माग काढावा. नेम एकच ठेवला होता: जेथे शिरण्यास मनाई आहे तेथे शिरायचे नाही. हा नेम मी कोठेही मोडला नाही.

डहाणूचे नाव प्राचीन लेखांत आढळते, तेही एका लेण्याच्या भिंतीवर, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो त्यांतील दहाव्या लेण्यात, क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने आपल्या दानधर्माची जी यादी कोरविली आहे, तीत इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर लोकांना विनामूल्य पैलतीरी उतरविण्यासाठी त्याने नावांची सोय केल्याचा उल्लेख आहे. या गोष्टीला सुमारे एकोणीसशे वर्षे झाली. म्हणजे आमची खाडी ओलांडण्याची ही प्राचीन नोंद नावेतून, पाण्यावरून जाण्याची आहे, आणि तिच्याखालून जाण्याची वार्ता मात्र केवळ मुखपरंपरेने चालत आलेली आहे.

आता त्या वार्तेची परीक्षा कशी करावी? कोणताही जुना गवंडी किंवा विहीर खणणारा आपल्याला सांगेल की जमिनीखाली काम करणाऱ्याचे शत्रू दोन, पाणी आणि कोंडलेली हवा. आणि त्याला लपविता न येणारी गोष्ट एक, ती म्हणजे बाहेर काढलेली माती. डहाणूची खाडी भरती-ओहोटीची. अमावस्या-पौर्णिमेला ज्याच्या पायाशी पाणी चढते अशा कोटातून, त्या चिखलाच्या तळाखालून, पंप नसलेल्या काळात कोणी मार्ग खणला असता तर पहिल्याच उधाणाला तो भरून गेला असता. डोंगरापर्यंतच्या इतक्या लांब मार्गात हवा खेळती राहावी म्हणून ठायी ठायी झरोके ठेवावे लागले असते, आणि निघालेल्या मातीच्या टेकड्या आजही कोणाच्या तरी वाडीत दिसल्या असत्या. यांपैकी काहीही नाही. पुण्यास नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत सुमारे आठ किलोमीटरांचा जो जमिनीखालचा नळ बांधविला, ज्यातून माणूस उतरून साफसफाई करू शकतो, त्याची खूण जमिनीवर ठिकठिकाणी उभी आहे. तिला पुण्याची माणसे ‘उच्छ्वास’ म्हणतात. खऱ्या भुयाराला श्वास घ्यावा लागतो, आणि जो श्वास घेतो त्याला पूर्णपणे लपता येत नाही. त्यामुळे डहाणूचे भुयार नाही असे मी आता मानतो. लहानपणी ज्याने मला झोप लागू दिली नाही त्याला असा निरोप देताना मनाला थोडे लागले, हेही सांगितले पाहिजे.

परंतु कोटातून निघून डोंगरात उघडणारे भुयार नसले, तरी डोंगरात उघडणारा अंधार आमच्या मुलखात आहे, आणि तो फार थोर आहे. घोलवड-बोर्डीच्या पूर्वेस आसवली नावाचे गाव आहे, तेथून बारडाचा डोंगर चढावा लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे पंधराशे फूट उंचीच्या या डोंगरात बहरोटची कोरीव लेणी आहेत. एका बाजूस चिकूच्या वाड्या, त्यांपलीकडे सुरूची बने आणि समुद्र. दुसऱ्या बाजूस तलासरीचा माळ आणि त्याच्या पुढे, गुजरातच्या हद्दीत, संजाण. हे संजाण एके काळचे बंदर आणि नगर. २००२ ते २००४ या वर्षांत तेथे उत्खनन झाले, तेव्हा पश्चिम आशियातील निळसर झिलईची भांडी, चिनी मातीची भांडी आणि काच अशा वस्तू निघाल्या. म्हणजे जमिनीखाली गेलेले एक जुने शहर आमच्या शेजारीच निजले आहे, आणि तलासरीहून मोटारीने जाणारा माणूस ते न कळताच ओलांडून जातो. येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते की संजाण ज्या उंबरगाव तालुक्यात आहे तो पूर्वी आपल्याच ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा तो गुजरातेत गेला, आणि इकडे राहिलेल्या गावांचा तलासरी महाल झाला. हद्दीची रेषा वरून आखली गेली. खालची माती एकच आहे.

इराणातून आलेल्या पारशांनी संजाणास वस्ती केली आणि आपला पवित्र अग्नी, ज्यास ते इराणशाह म्हणतात, तेथे प्रतिष्ठित केला, ही कथा आपणांस बहुधा माहीत असते. दुधात साखर मिसळण्याचा दृष्टांत तर शाळेच्या पुस्तकातून घरोघर गेला आहे. परंतु त्या कथेचा उत्तरार्ध आमच्या डोंगरात घडला, हे डहाणूतील कितीजणांना ठाऊक आहे? नवसारीच्या बहमन कैकोबाद या धर्मगुरूने १५९९ साली फारसी पद्यात रचिलेल्या ‘किस्सा-इ-संजान’ या ग्रंथात असे सांगितले आहे की, सुलतानाच्या फौजेने संजाण जिंकले, हिंदू राजाच्या बाजूने लढलेले पारशी वीर पडले, आणि जे वाचले ते आपला अग्नी घेऊन बहरोटच्या डोंगरात गेले व तेथे बारा वर्षे राहिले. तेथून अग्नी वांसद्यास गेला, पुढे नवसारीस, आणि अखेर १७४२ साली उदवाड्यास आला, तो आजतागायत तेथेच तेवत आहे. संजाणच्या पाडावाचा काळ बहुतेक अभ्यासक पंधराव्या शतकात धरतात.

मी बारडावर गेलो तो वैशाखात. माझ्याबरोबर पायथ्याच्या पाड्यावरील एक वारली गृहस्थ होते, वयाने माझ्यापेक्षा लहान, पण चढताना थांबण्याची वेळ माझ्यावरच आली. वाटेत त्यांनी भुयाराविषयी काही म्हणजे काही सांगितले नाही. करवंदे कोठे पिकली आहेत, रानडुकराने कोठे उकरले आहे, पाणी कोठे मिळेल, इतकेच ते बोलत. लेण्याच्या तोंडाशी पोहोचल्यावर मी लगबगीने आत शिरू लागलो, तो त्यांनी माझा हात धरला. ‘थांबा, काका,’ ते म्हणाले, ‘आधी त्यांना कळू द्या.’ मला वाटले, देवाविषयी बोलत असावेत. पण त्यांनी एक खडा आत टाकला, आणि वटवाघळांचा एक काळा लोट आमच्या डोक्यावरून बाहेर पडून झाडांत विरला. मग ते पुन्हा थांबले, नाकाने हवा जोखली, आणि नंतरच वाकून आत पाऊल टाकले. त्यांच्या घरी विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. कंदील विझला तर त्या दिवशी कोणी उतरत नाही. हे ते बोलले आणि त्या क्षणी बहरोटच्या बारा वर्षांचा अर्थ मला उमगला.

कारण इराणशाह हा एक असा कंदीलच नव्हता काय? अहोरात्रीच्या पाच प्रहरांत पाच वेळा त्या अग्नीला काष्ठे अर्पण करावी लागतात. तो विझू देता येत नाही. आमच्या डोंगरातील पाऊस मी जन्मभर पाहिला आहे. आषाढात येथे वाळत घातलेले धोतर तीन दिवस ओले राहते, सरपणाला बुरशी चढते, आणि कातळाच्या प्रत्येक भेगेतून पाणी झिरपते. असे बारा पावसाळे, त्या ओल्या कातळाच्या पोटात, कोरडी काष्ठे सांभाळीत, धूर बाहेर जाईल आणि ज्वाळा खालच्या मुलखातून दिसणार नाही अशा बेताने, ज्यांनी ती आग राखली, त्यांनी निष्ठेच्या इतिहासात कोणत्याही रणांगणाच्या तोडीचे काम केले आहे, असे माझे मत आहे. लेणी त्यांनीच कोरली की आधीपासूनची होती, हा प्रश्न मला गौण वाटतो. आत उभे राहिल्यावर जाणवतो तो छिन्नीचा मार: खाली वाकून, धुरात, एकेक कपचा काढीत कोणीतरी हा डोंगर पोकळ केला. तो कोण होता? त्याचे नाव कोठे आहे? पारशी बांधव आजही या डोंगरावर येऊन प्रार्थना करतात, आणि ज्यांनी अग्नी राखला त्यांचे स्मरण करतात. ज्याने कातळ कोरला त्याचे स्मरण कोण करणार, हा प्रश्न घेऊन मी खाली उतरलो, आणि तो शेवटपर्यंत माझ्याबरोबर राहिला.

तलासरीत ‘भूमिगत’ हा शब्द उच्चारला की जुनी माणसे वेगळ्याच गोष्टी सांगू लागतात. १९४५ साली झरी गावच्या परिषदेपासून वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा जो उठाव सुरू झाला, ज्याची हकीगत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहून ठेविली आहे, त्या उठावात तडीपारीचे हुकूम निघाले, पोलिसांची ठाणी बसली, आणि कार्यकर्ते पाड्यापाड्यांतून दिसेनासे झाले. त्यांना लपविणारी भुयारे नव्हती. कुडाच्या झोपड्या होत्या आणि ‘इकडे कोणी आले नाही’ असे सांगणारी माणसे होती.

मात्र डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील जमिनीने स्वतःच एकदा तोंड उघडले, ते २०१८ च्या नोव्हेंबरात. धुंदलवाडी, हळदपाडा, चिंचले, करंजविरा, दापचरी आणि तलासरीच्या आसपासची गावे यांना भूकंपाचे धक्के बसू लागले, आणि ते थांबेनात. दिवसातून कित्येकदा जमिनीखालून तोफ डागल्यासारखा आवाज येई आणि मागोमाग घर हाले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांतील एक धक्का ४.१ इतक्या प्रतीचा झाला. त्या दिवशीच्या धावपळीत हळदपाड्यात दोन वर्षांची एक मुलगी दगावली. विटांच्या भिंतींना तडे गेले, आणि ऐन थंडीत माणसे तंबूंत, खळ्यांत, आंब्याखाली निजू लागली. मी त्या दिवसांत धुंदलवाडीस गेलो होतो. एका घरासमोर खाट टाकून बसलेल्या आजीने मला विचारले, ‘खाली कोण खणतो, बाबा?’ कोणी धरणाकडे बोट दाखवीत होते, कोणी दगडखाणींतील सुरुंगांकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने यंत्रे बसविली आणि सांगितले की हा लहान, उथळ धक्क्यांचा पुंजका आहे, आणि खडकांच्या भेगांत शिरलेले पाणी त्यांना सरकावीत असणे संभवते. आजीच्या प्रश्नाचे उत्तर एका अर्थी हेच होते: खाली खणत होते ते पाणी. पण ते उत्तर तिच्या भाषेत तिच्यापर्यंत कोणी वेळेवर नेले नाही, आणि त्या रिकाम्या जागेत अफवा जाऊन बसली. कोनाड्याशी उभ्या असलेल्या त्या शिपायाची मला तेव्हा पुन्हा आठवण झाली.

आता वसईविषयी लिहिले पाहिजे, कारण जुन्या शहराखालची खरी, रक्ताने माखलेली भुयारे जर आपल्या जिल्ह्यात कोठे झाली असतील तर ती वसईच्या तटाखाली.

गुजरातच्या बहादुरशहाकडून १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांस मिळालेली वसई पुढे दोनशे वर्षे त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. तटाच्या आत देवळे, मठ, वाडे, चौक असे एक संपूर्ण फिरंगी नगर वसले होते. तिन्ही अंगांस पाणी आणि दलदल, आणि जमिनीच्या एकाच अंगास भक्कम बुरूज. ती घेण्यासाठी मराठ्यांच्या चिमाजी आप्पांनी १७३९ च्या जानेवारीत प्रथम उत्तर फिरंगाणचा बंदोबस्त केला. आमचे डहाणू त्याच महिन्यात मराठ्यांच्या हाती आले, आणि तारापूरचा तट सुरुंगांनी फोडून घेण्यात आला. त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हा मोहरा पडला. नंतर फेब्रुवारीत सारी फौज वसईभोवती बसली.

तोफांनी त्या भिंती पडेनात, तेव्हा जमिनीखालून जावे लागले. मराठीत ‘सुरुंग’ म्हणजे दारू भरून उडविण्याची खाण, आणि हिंदीत ‘सुरंग’ म्हणजे नुसता बोगदा. पण मूळ शब्द एकच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुरुंगा’ आहे, आणि तो शब्द ग्रीकांच्या भाषेतून, नळी किंवा पावा या अर्थाच्या शब्दापासून, आला असावा, असे विद्वानांनी दाखविले आहे. मोर्चा पुढे सरकवीत नेऊन, त्याच्या तोंडाशी खड्डा घेऊन, तेथून आडवी नळी तटाच्या पायाकडे न्यायची. लाकडी टेकू देत, पाट्यांनी माती मागे सारीत, पायाखाली कोठडी करून तीत दारूची पोती रचायची, आणि बत्ती लावून मागे यायचे. हे लिहिणे सोपे आहे. वसईची जमीन वाळूची आणि पाणथळ. चार हात खोल गेले की झरा लागतो. वरून फिरंगी जळते पदार्थ, दारूची मडकी आणि गोळे टाकीत होते, आणि शेजारून उलट सुरुंग येण्याचे भय होते. मराठी लष्करात हे खणण्याचे काम बेलदारांचे. त्यांनी ते एप्रिलच्या आणि मेच्या उन्हात, त्या ओल्या वाळूत, गुडघ्यांवर बसून केले.

रेमेदी आणि सान सेबास्टियन या जमिनीकडच्या दोन बुरुजांखाली सुरुंग घालण्यात आले. ते सारे एका वेळी उडाले नाहीत. काही उशिरा उडाले आणि आपल्याच पुढे धावलेल्या लोकांवर दगडमाती घेऊन कोसळले. दुसऱ्या दिवशी सेबास्टियनाकडे भगदाड पडले, मराठे चढले, आणि १६ मे १७३९ रोजी फिरंग्यांनी तहनाम्यावर सही केली. आपल्या जुन्या पुस्तकांत ही तारीख ५ मे अशी आढळेल. त्या वेळी इंग्रजांचे जुने पंचांग अकरा दिवस मागे चालत असे, एवढाच तो फरक आहे. त्या मोहिमेत मराठ्यांकडील मृत आणि जखमी मिळून सुमारे पाच हजार माणसे खर्ची पडली, असे लिहिले जाते.

महाभारतात, वारणावताच्या लाक्षागृहातून पांडवांना वाचविण्यासाठी विदुराने एक माणूस पाठविला. त्याने घराच्या मध्यभागी गुपचूप भुयार खणले, तोंडावर फळी बसविली, आणि जेव्हा घर पेटले तेव्हा कुंती आणि पाच भाऊ त्या वाटेने जिवंत बाहेर पडले. एवढ्या मोठ्या ग्रंथात, जेथे रथांच्या घोड्यांना आणि शंखांना नावे आहेत, तेथे या माणसाला नाव नाही. त्याला ‘खनक’ म्हटले आहे, म्हणजे खणणारा. पांडव वाचले ते खनकामुळे. वसई आली ती बेलदारामुळे. अग्नी राखला गेला तो कातळ कोरणाऱ्यामुळे. तिघांचीही नावे नाहीत.

वसईच्या किल्ल्यात मी गेलो तो एका सकाळी, भरतीच्या वेळी. तेथे तटबंदीच्या पोटातून जाणारी भुयारी वाट आहे, आणि तरुण मुले विजेरी घेऊन तीत शिरतात. ती सुरुंगाची वाट नव्हे; तटाच्या रक्षकांनी आडोशाने ये-जा करावी म्हणून बांधलेला तो मार्ग आहे, आणि म्हणूनच तो टिकला. बेलदारांची भुयारे उडण्यासाठीच खणली होती, ती उडाली. मी तोंडाशी बसून राहिलो. आतून एक मुलगा चिखलाने माखून बाहेर आला, त्याच्या चेहऱ्यावर विलक्षण आनंद होता, आणि मी त्याला रागावू शकलो नाही. त्याला विचारले, ‘बाळ, आत काय दिसले?’ तो म्हणाला, ‘काही नाही, काका, पण वेगळेच वाटते.’ हे वाटणे खोटे नाही. ते वाया जाऊ नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

मनाईविषयी मी बराच विचार केला आहे. बंद भुयारात कोंडलेली हवा माणसाला शब्द न करता मारते. वटवाघळांच्या विष्ठेतून फुप्फुसांचे रोग जडतात. पावसाळ्यात जुना चुना ओल धरतो आणि कमान केव्हा बसेल याचा नेम नसतो. गुप्तधनाच्या लोभाने रात्री कुदळी घेऊन जाणारे लोक तर वास्तूचाही नाश करतात आणि स्वतःचाही. आणि त्यांना हेही ठाऊक नसते की निखात निधीचा १८७८ चा कायदा आजही लागू आहे, आणि जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. म्हणून मनाई योग्यच आहे. पण मनाईचा फलक लावला की आपले कर्तव्य संपले, असे मानणारी जी वृत्ती सरकारी कामात शिरली आहे, ती मला मान्य नाही. ज्या जागेत जाऊ द्यायचे नाही, तिचा नकाशा तरी लोकांपुढे ठेवावा. ती कशासाठी बांधली, किती खोल आहे, कोठे संपते, हे दोन ओळींत तरी लिहावे.

हे अशक्य नाही. मुंबईच्या राजभवनात एक बुजलेले भुयार असल्याचे जुने लोक सांगत. १२ ऑगस्ट २०१६ रोजी राज्यपाल विद्यासागर राव यांच्या आज्ञेने तेथील भिंत फोडण्यात आली, आणि आत तेरा खोल्यांची, इंग्रजांनी बांधलेली बंकरवजा वास्तू निघाली. ती दुरुस्त झाली आणि आता लोक ती पाहू शकतात. तेथे अफवा खरी निघाली. डहाणूत ती खोटी निघेल असे मला वाटते. पण खरी की खोटी, हे ठरविण्याची रीत एकच: पाहणे, मोजणे आणि लिहून ठेवणे. जमिनीत लहरी सोडून पोकळी दाखविणारी यंत्रे आज आहेत. ती डहाणूच्या कोटात दोन दिवस फिरविली तर माझ्या लहानपणच्या त्या कोनाड्याचा निकाल लागेल.

वाचकांस माझी एक विनंती आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी रुमाल आहेत, आणि आपल्या जिल्ह्यातील जुन्या घराण्यांच्या पेट्यांतही वसई मोहिमेचे कागद असण्याचा संभव आहे. दिवाळीत घर झाडताना असा एखादा रुमाल हाती लागला तर तो रद्दीत घालू नका. त्यात बेलदारांच्या रोजमुऱ्याची यादी, एखाद्या जखमी खणणाऱ्यास दिलेल्या इनामाची नोंद, मेलेल्याच्या बायकोस लावून दिलेल्या नेमणुकीचा हुकूम, असे काही आढळले, तर ते नाव उतरून घ्या, त्याच्यापुढे गाव लिहा, आणि या अंकाच्या संपादकांकडे पाठवा. मोडी वाचता येत नसेल तर रुमाल तसाच जपून ठेवा आणि एक पत्र टाका. मी येऊन वाचून देईन.